आधी यंत्राचे पोट पाहा



शेवटची वेचणी झाली की उभ्या पऱ्हाटीचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या बापजाद्यांना कधी पडला नाही. चिमट्याने पऱ्हाटी उपटायची, भारे बांधायचे, घरामागे रचायचे आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत चुलीला घालायचे. आज उपटायला मजूर मिळत नाही. घरात गॅस आला, त्यामुळे चुलीची भूकही पूर्वीएवढी राहिली नाही. आणि रचून ठेवलेल्या पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी आपला उन्हाळा सुखाने काढते, हा धडा आपण २०१७ साली फार मोठी फी भरून शिकलो. बीटी बियाण्यातल्या दोन्ही जनुकांना ही अळी जुमानेनाशी झाली आणि विदर्भ-मराठवाड्यातली बोंडे आतून सडली. तेव्हापासून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेपासून गावच्या कृषी सहायकापर्यंत सगळे एकच सांगतात : फरदड घेऊ नका, हंगाम वेळेवर संपवा, पऱ्हाटीची कुट्टी करा.

सांगणे बरोबर आहे. आम्हीही तेच सांगत फिरतो. पण ही कुट्टी ज्या पात्याने व्हायची, त्या पात्याबद्दल भाषणात कोणी अवाक्षर काढत नाही. आम्हीही कित्येक वर्षे काढले नाही. आजचा लेख त्या पात्याबद्दल आहे, आणि ते पाते ज्याच्याखाली फिरते त्या पोलादी पत्र्याच्या कवचाबद्दल आहे.

ट्रॅक्टरमागे चालणारे हे यंत्र म्हणजे मूळचे गवत कापायचे यंत्र. शहरातल्या क्रिकेटच्या मैदानावर माळी ज्या छोट्या गाडीवर बसून हिरवळ कापतो, तिच्या पोटाखालीही असेच कवच असते आणि त्यात असेच आडवे पाते गरगरते. आपले यंत्र त्या गाडीचा थोरला भाऊ. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो. यंत्रावरचा गिअरबॉक्स ते फेरे वाढवतो आणि खाली एक आडवी पट्टी फिरवतो. त्या पट्टीच्या दोन टोकांना दोन जाड पाती बोल्टवर मोकळी अडकवलेली असतात. फिरण्याच्या जोराने ती बाहेर ताणली जातात, दगड लागला तर मागे दुमडतात. वर कवच, पुढे-मागे साखळ्यांचा किंवा रबराचा पडदा, दोन्ही बाजूंना जमिनीवर घसरणाऱ्या लोखंडी पट्ट्या. कंपनीच्या पुस्तकात या कवचाला डेक म्हणतात.

आता हिशेब करा. पात्याचे टोक मध्यापासून ७० सेंटिमीटरवर आहे आणि फेरे मिनिटाला ९०० आहेत असे धरू. मग ते टोक सेकंदाला ६६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २३७ किलोमीटर वेगाने जाते. एवढ्या वेगाचे पाते ज्या दगडाला किंवा तारेच्या तुकड्याला लागते, तो दगड, ती तार माणसाला वळून पाहायलाही वेळ देत नाही. पाते स्वतःच निसटले तर बोलायलाच नको.

ते निसटलेले आम्ही पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका गावात आम्ही कुट्टीचे प्रात्यक्षिक ठेवले होते. यंत्र भाड्याचे. आम्ही धुऱ्यावर उभे राहून बोंडअळीवर बोलत होतो, लोक ऐकत होते. तिसऱ्या फेरीला खाडकन आवाज झाला, यंत्र थरथरले आणि एक पाते मागच्या बाजूने निघून धुऱ्यावरच्या कडुनिंबाच्या बुंध्यात रुतले. त्याच झाडाखाली थोड्या वेळापूर्वी एक म्हातारी पाण्याची घागर घेऊन बसली होती. घागर पुन्हा भरायला ती उठून गेली, म्हणून वाचली. यंत्र उलटून पाहिले तेव्हा पात्याचे भोक झिजून लांबट झालेले, बोल्ट अर्धा खाल्लेला, मागच्या साखळ्यांपैकी निम्म्या गायब. हे सगळे सकाळी वाकून पाहिले असते तर सकाळीच दिसले असते. यंत्रवाल्याने पाहिले नाही, ड्रायव्हरने पाहिले नाही, आणि कृषीची पदवी घेतलेल्या आम्हीही पाहिले नाही. कॉलेजात आम्ही इंजिनाचे चार स्ट्रोक पाठ केले होते. यंत्राच्या पोटाखाली डोके घालून पाहण्याला परीक्षेत गुण नव्हते.

क्षणभर जिवाचा धोका बाजूला ठेवू. नुसता पिकाचा हिशेब केला तरी बोथट पाते परवडत नाही. धार असलेले पाते पऱ्हाटी कापते, धार गेलेले पाते तिला बडवते. खोड चिरफळते, साल लोंबत राहते, फांदी वाकून पात्याखालून निसटते आणि किडके बोंड जसेच्या तसे जमिनीवर पडते. अळी आत सुखरूप. शेतकऱ्याने भाडे दिले, डिझेल जळाले, वावर लांबून साफ दिसू लागले. अळीचे मात्र काहीच बिघडले नाही. आधी ती एका ढिगात होती, आता वावरभर पसरली एवढाच फरक. पुढच्या हंगामात कपाशीवर डोमकळ्या दिसल्या की आपण बियाण्याला शिव्या देतो, औषधवाल्याला शिव्या देतो. त्यांना द्यायच्या त्या खुशाल द्या. पण थोडा दोष मागच्या वर्षीच्या बोथट पात्याचाही असतो.

मग पाते कोणी पाहत का नाही? ड्रायव्हर आळशी म्हणून? तसे नाही. यामागे पैशाचा हिशेब आहे आणि त्या हिशेबात आपणही सामील आहोत.

गावात एकाची तीन यंत्रे झाली की आपण एकरी भाव पाडायला बसतो. हा एवढ्यात करतो म्हणतो, तू शंभर कमी कर. तो कमी करतो. व्यापारी आपल्या कापसाला जे करतो, तेच आपण त्याला करतो. उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव मिळावा म्हणून आपण रस्त्यावर बसलो, लाठ्या खाल्ल्या. सरकारच्या कृषिमूल्य आयोगालासुद्धा शेतीचा खर्च काढताना अवजारांची झीज धरावी लागते. मग यंत्रवाल्याच्या पात्याची झीज आपण का धरत नाही? बहुतेक ठिकाणी तो आपल्यातलाच पोरगा असतो, कर्ज काढून यंत्र घेतलेला. बँकेचा हप्ता त्याला टाळता येत नाही, डिझेल टाळता येत नाही, ड्रायव्हरची मजुरी टाळता येत नाही. टाळता येते ते नवे पाते. पाडलेला भाव तो पात्यातून आणि बोल्टातून भरून काढतो. आपण वाचवलेले शंभर रुपये कडुनिंबाच्या बुंध्यात रुतून बसतात.

म्हणून आमचे म्हणणे दोन वाक्यांचे आहे. यंत्राचे पोट पाहिल्याशिवाय ते वावरात उतरू द्यायचे नाही. आणि त्या पाहणीचा वेळ व पात्याची झीज भाड्यात धरून यंत्रवाल्याला द्यायची.

पाहायचे ते कसे, तेही सांगतो. यात इंजिनिअरचे काम नाही. ज्याला विळ्याची धार कळते, त्याला हे कळते.

पहिली गोष्ट, बंद म्हणजे पूर्ण बंद. पीटीओ काढा, इंजिन बंद करा आणि किल्ली काढून जो खाली वाकणार त्याच्याच खिशात ठेवा. इंजिन थांबले तरी पाती काही वेळ फिरत राहतात. ती थांबल्याशिवाय जवळ जाऊ नका. यंत्र हायड्रॉलिकवर उचलले की दोन्ही बाजूंना खाली लाकडाचे भक्कम ओंडके लावा. विटा लावू नका, त्या फुटतात. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कोणीही खाली जायचे नाही. पाइप फुटला किंवा एखाद्या पोराने खेळता खेळता दांडी दाबली तर सगळे वजन अंगावर येते.

दुसरी गोष्ट, कवच. आतून चिकटलेला ओला पाला, माती, कापसाचे पुंजके खुरप्याने खरवडून काढा. या थराखाली पत्रा गंजतो. आतली जागा कमी झाली की पऱ्हाटी नीट फिरत नाही आणि कुट्टी जाडीभरडी पडते. वाळलेला भुसा तापलेल्या गिअरबॉक्सजवळ साचला तर पेटूही शकतो. गिअरबॉक्सच्या खालच्या दांड्याभोवती कापूस, सुतळी, तार गुंडाळली गेली असेल तर कापून काढा. ती ऑइल सील खाते, तेल गळते आणि मग गिअरबॉक्सच जातो. साफ झाल्यावर वेल्डिंगचे सांधे आणि गिअरबॉक्स जिथे बसवला आहे ती जागा चिरांसाठी पाहा. पत्र्याला भोक असेल तर जाड पत्र्याचे ठिगळ वेल्ड करून घ्या. साखळ्या मोजा. एक साखळी नसली की तेवढी खिडकी उघडी राहते, आणि दगड नेमका तिथूनच बाहेर येतो.

तिसरी गोष्ट, पाते. हातात गोणपाट धरून पाते हलवून पाहा. ते बोल्टवर मोकळे फिरले पाहिजे. जाम झालेले पाते दगड लागल्यावर मागे दुमडत नाही, सगळा धक्का गिअरबॉक्सला देते. भोकाजवळ चीर आहे का, भोक लांबट झाले आहे का, पाते वाकले आहे का, टोकाला पातळ झाले आहे का, हे बोट फिरवून नव्हे तर डोळ्यांनी उजेडात पाहा. चिरलेले किंवा वाकलेले पाते बाद. त्याला वेल्डिंग करायचे नाही आणि तापवून सरळही करायचे नाही. वखराची पास आपण लोहाराकडून ठोकून आणतो ते वेगळे. पास बैलाच्या चालीने चालते. तुटली तर मातीतच पडते. हे पाते तुटले तर गोळीसारखे जाते.

चौथी गोष्ट, धार. मूळ उतार ज्या बाजूला आहे त्याच बाजूने, त्याच कोनात लावायची. उलट बाजूने घासायचे नाही. ग्राइंडर सावकाश चालवा, मध्ये मध्ये पाते गार होऊ द्या. कड निळी पडली की पोलादाचे पाणी उतरले समजा. अशी धार दुपारपर्यंतही टिकत नाही. वस्तऱ्यासारखी धार इथे नको, ती पहिल्याच खड्यावर मोडते. कडेला दीड मिलिमीटरची जाडी राहू द्यावी.

पाचवी गोष्ट, वजन. दोन्ही पाती काढून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. दोन्हींचे वजन सारखे हवे. कोणी म्हणेल, पन्नास ग्रॅमने काय होते? मध्यापासून ६० सेंटिमीटरवर असलेला ५० ग्रॅमचा फरक मिनिटाला ९०० फेऱ्यांवर सुमारे २७ किलोचा ओढा देतो, आणि तो ओढा दर फेऱ्याला चारी दिशांनी फिरतो. म्हणजे गिअरबॉक्सला कोणीतरी दिवसभर गदागदा हलवत असल्यासारखे झाले. बेअरिंग जाते, सील जाते, कवचाला चिरा पडतात. म्हणून जड पात्याची धार थोडी जास्त घासून वजन जुळवा, आणि एक पाते बदलले तर समोरचेही बदला. चालू कामात यंत्र एकाएकी थरथरू लागले तर ओळ पुरी करायच्या मोहात पडू नका. तिथेच बंद करा.

सहावी गोष्ट, बोल्ट. पात्याचा बोल्ट कडक पोलादाचा, कंपनीने सांगितला तोच. दुकानातला साधा बोल्ट दिसायला सारखा असतो आणि कापला जातो. नव्या पात्याला नवा बोल्ट घाला आणि तासभर काम झाल्यावर पुन्हा आवळा. पीटीओच्या दांड्यावर एक बोल्ट मुद्दाम तुटण्यासाठी दिलेला असतो, म्हणजे अडथळा आला तर तो तुटावा आणि यंत्र वाचावे. तो सारखा तुटतो म्हणून त्याच्या जागी जाड, कडक बोल्ट घालणे म्हणजे फ्यूजच्या जागी खिळा बसवणे. त्या दांड्यावरचे प्लास्टिकचे नळकांडेही जागेवर हवे. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, ओढणी, त्या दांड्याला सगळे सारखेच.

सातवी गोष्ट, वावर. ही यंत्रवाल्याची नव्हे, आपली जबाबदारी आहे. आदल्या दिवशी वावरातून फिरा. दगड, तारेचे तुकडे, खुंट्या, ठिबकच्या नळ्या काढा. काढता येत नसेल तिथे फडके बांधलेली काठी रोवा. यंत्र चालू असताना त्या वावरात आणि धुऱ्यावर माणूस, पोर, जनावर कोणी नको. आम्ही त्या दिवशी धुऱ्यावर उभे होतो, ती चूक तुम्ही करू नका. सुरुवातीला दहा पावले चालवून यंत्र थांबवा आणि जमिनीवर पाहा. खोड साफ कापले आहे की बडवले आहे? बोंडे फुटली आहेत की अख्खी पडली आहेत? अख्खी बोंडे दिसली तर पुढे जाऊ देऊ नका. यंत्र जमिनीला घासून चालवण्याचा हट्टही धरू नका; पाते मातीत गेले की धार तिथेच संपते. कुट्टी झाल्यावर नांगरटीने ती मातीत गाडा, तेव्हा काम पुरे झाले म्हणा.

काही यंत्रांत दोन मोठ्या पात्यांऐवजी आडव्या रुळावर बरीच छोटी पाती किंवा हातोडे असतात. तिथेही हाच नियम : मोकळी हलतात का पाहा, आणि एक बदलले तर त्याच्या नेमके समोरचेही बदला.

कोणी म्हणेल, ऐन हंगामात एवढा वेळ कुठे आहे? ओंडके लावून पोट पाहायला फार तर पाव तास लागतो. पाते बदलायला जास्त लागेल, पण ते रोज बदलावे लागत नाही. बँकेच्या दारात आपण अख्खा दिवस बसतो. पाव तासाची सबब आम्हाला पटत नाही.

कोणी म्हणेल, हे सरकारने बघावे. मळणी यंत्रे आली तेव्हाही आपण असेच म्हणालो होतो. शेतमजुरांचे हात त्या यंत्रांनी नेले, तेव्हा कुठे १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. कायदा हवाच, सदोष यंत्र बनवणाऱ्याला तो लागू झालाच पाहिजे. पण कायदा वावरात येऊन बोल्ट आवळत नाही, आणि गेलेला हात भरपाईच्या अर्जाने उगवत नाही.

ज्वारीवाल्यांनी हा लेख कापूसवाल्यांचा समजून बाजूला ठेवू नये. तुमच्या गोठ्यातले कडबा कुट्टीचे यंत्र लहान असले तरी त्याच जातीचे आहे. चाकावरची दोन्ही पाती सारख्या वजनाची, बोल्ट घट्ट, समोरच्या स्थिर कडेपासून दोन्हींचे अंतर सारखे. बोथट पाते कडबा कापत नाही, ओढते. मग माणूस हाताने कडबा आत रेटतो आणि रुळ हात ओढून घेतात. दिल्लीच्या आयआयटीतल्या दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तरेकडच्या गावांत या अपघातांचा अभ्यास केला. पात्यावर झाकण, आत ओढणाऱ्या रुळांच्या आधी हाताला सावध करणारा एक रुळ, आणि काम नसताना चाक अडकवून ठेवायची कडी, असे साधे उपाय त्यांनी करून दाखवले. यात महागडे काहीच नाही. गावचा वेल्डिंगवाला हे करून देईल. घरात पोरे असतील तर चाक अडकवल्याशिवाय गोठ्यातून बाहेर पडू नका.

जिल्हा मेळाव्यात या विषयावर आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. एक, प्रत्येक गावशाखेने आपल्या गावातल्या यंत्रवाल्यांना आणि ड्रायव्हरांना बोलावून हंगामाआधी एकदा सगळ्या यंत्रांचे पोट एकत्र पाहावे. दोन, एकरी भाव ठरवताना पाते आणि बोल्ट यांचा खर्च त्यात उघड धरावा आणि सर्वांनी तोच भाव द्यावा. कमी भावात करून देतो म्हणणाऱ्याला आधी पाते दाखव म्हणावे. तीन, साखळ्या पुऱ्या नसलेले यंत्र कोणाच्याही वावरात उतरू नये, मग ते गावातल्या मोठ्या माणसाचे असले तरी.

यंत्रवाले आणि ड्रायव्हर यांनाही मेळाव्याला घेऊन या. त्यांचे म्हणणे आम्हाला ऐकायचे आहे, कारण भाव पाडताना आपण ते कधी ऐकून घेतलेले नाही. आपल्या घामाचा दाम मागणाऱ्याने दुसऱ्याच्या पोलादाचा दाम बुडवू नये. येताना एक पाना आणि दोन ओंडके ट्रॉलीत टाका. भाषणे नंतर होतील. आधी मंडपाबाहेर उभ्या असलेल्या यंत्राचे पोट पाहू.